केराप्पाची जबानी

"एवढंच काम आहे, मॅडम," शिरगुप्पेसाहेब म्हणाले आणि त्यांनी पिवळ्या पुठ्ठ्याची फाइल माझ्या टेबलावर ठेवली. "सात जबान्या आहेत. मराठीतनं इंग्रजीत करायच्या. उद्या दुपारी मद्रासचे साहेब येतायत. त्यांना मराठीचं अक्षर कळत नाही."

"उद्या म्हणजे आज संध्याकाळपर्यंत हव्यात."

"तुम्हाला काय अवघड आहे? आमच्या अध्यक्षांनीच तुमचं नाव सांगितलं."

अध्यक्षांचं नाव निघाल्यावर पुढे बोलायचं काही उरलं नाही. गावातली दूध डेअरी त्यांची आणि मी जिथे शिकवत होते ते कॉलेजही त्यांच्याच संस्थेचं. शिरगुप्पे डेअरीचे मॅनेजर. मी, हेमलता बाबर, इंग्रजीची हंगामी अधिव्याख्याती, वय सव्वीस. जूनमध्ये मला कायम करायचं की नाही ते संस्था ठरवणार होती. ही गोष्ट अठ्ठ्याऐंशी सालच्या फेब्रुवारीतली. गावाचं नाव सांगत नाही. सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडचं, पाणी कमी आणि मेंढरं जास्त असलेलं एक तालुक्याचं गाव होतं, एवढं पुरे.

फाइल घेऊन मी रिकाम्या वर्गात बसले. आदल्या तासाला मी तिथेच बी. कॉम.च्या मुलांना शिकवलं होतं आणि फळा अजून पुसलेला नव्हता. 'लीड टू', 'रिझल्ट इन', 'ब्रिंग अबाउट', 'गिव्ह राइज टू' असे शब्द एकाखाली एक लिहिलेले होते. कारण आणि परिणाम जोडणारी ही क्रियापदं मला फार आवडायची. मराठीत आपण 'मुळे' नाहीतर 'म्हणून' लावतो आणि मोकळे होतो. इंग्रजीत त्यासाठी केवढी श्रीमंती आहे, असं मी वर्गात सांगायची. 'रिझल्ट इन' म्हटलं की कारण आधी आणि परिणाम नंतर. 'रिझल्ट फ्रॉम' म्हटलं की सगळं उलटं. एवढ्याशा शब्दानं वाक्य तोंड फिरवतं, हे सांगताना मुलं हसायची, आणि मलाही आपण काहीतरी देतो आहोत असं वाटायचं.

जबान्या अपघाताच्या होत्या. डेअरीत दूध थंड करायचा अमोनियाचा प्लँट होता, त्याच्या पाइपांवर गॅस चालू-बंद करायची चाकं होती. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, भर सकाळी, त्याच्या पाइपातून गॅस सुटला. आत पिशव्या भरणाऱ्या दोन बाया होत्या. त्या बाहेर पडल्या. डोळे सुजले, पण पंधरा दिवसांत बऱ्या झाल्या. प्लँटवरचा ऑपरेटर याकूब मुलाणी मात्र आत राहिला. त्याला मिरजेला नेलं आणि चौथ्या दिवशी तो वारला. बेचाळीस वर्षांचा होता. मी त्याला ओळखत नव्हते. गाव दोन दिवस बंद होतं, त्यामुळे माझे चार तास बुडाले होते, एवढंच मला आठवत होतं.

प्लँटचा विमा होता. विमा कंपनीचा अधिकारी मद्रासहून येणार होता, आणि अपघात कशामुळे झाला हे त्याला लिहायचं होतं.

सातांपैकी सहा जबान्यांत काही नव्हतं. 'धूर दिसला, पळालो.' 'पांढरं पांढरं झालं, काही दिसलं नाही.' दोघी बायांनीही तेच सांगितलं होतं. प्लँटच्या दाराशी हजर असलेला माणूस एकच, केराप्पा मदने नावाचा रोजंदारीवरचा हेल्पर. त्याची जबानी टाइम ऑफिसच्या क्लार्कनं आपल्या हातानं लिहून घेतली होती आणि खाली केराप्पाचा अंगठा होता. त्यात एक ओळ अशी होती: 'याकूबने चाक फिरवले आणि गॅस आला आणि आम्ही पळालो.'

मी ती ओळ दोनदा वाचली. 'आणि', 'आणि'. इंग्रजीत नुसतं 'अँड' 'अँड' लिहिलं की वाक्य शाळकरी वाटतं. मी मान वर केली. फळा समोरच होता.

'याकूब टर्न्ड द व्हील, विच रिझल्टेड इन द एस्केप ऑफ गॅस.' याकूबनं चाक फिरवलं, त्याची परिणती गॅस सुटण्यात झाली.

वाक्य कसं घट्ट बसलं. मी पुढच्या जबानीकडे वळले. संध्याकाळी पाचला शिरगुप्प्यांचा शिपाई येऊन सगळे कागद घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी दुभाषी म्हणूनही मलाच बोलावलं. मद्रासचे साहेब उंच, शांत, कमी बोलणारे होते. त्यांनी प्लँट पाहिला. पण अपघातानंतर फिटरनं सगळीच चाकं हलवली होती, सगळे पाइप सोडवले होते. कुठलं चाक त्या वेळी कसं होतं ते कळायला मार्ग नव्हता. मग ते ऑफिसात बसले आणि एकेकाला आत बोलावलं. केराप्पा आला. काळा, सडपातळ, पस्तिशीचा धनगर. चप्पल दाराबाहेर काढून आला आणि उभाच राहिला.

साहेबांनी मूळ जबानीला जोडलेल्या इंग्रजी कागदावर बोट ठेवून मला विचारलं, "हे याचंच स्टेटमेंट आहे ना? विचारा."

मी केराप्पाला म्हणाले, "तुम्ही सांगितलेलंच आहे ना हे? अंगठा तुमचाच ना?"

केराप्पानं कागदाकडे पाहिलं. "व्हय. माझाच."

"काही बदलायचं आहे?"

"न्हाई. घडलं ते सांगितलं."

"नो चेंजेस," मी म्हणाले. साहेबांनी खूण केली. तीन मिनिटांत केराप्पा बाहेर गेला. निघताना साहेब मला म्हणाले की आपलं इंग्रजी फार चांगलं आहे, इतक्या आतल्या भागात अशी अपेक्षा नव्हती. मी घरी आईला पत्र लिहिलं त्यात हे लिहिलं होतं.

मेच्या पहिल्या आठवड्यात, परीक्षा चालू असताना, कॉलेजच्या व्हरांड्यात एक बाई माझी वाट पाहत उभी होती. हिरवी सुती साडी, डोक्यावरून पदर, हातात कागदाची सुरळी.

"तुमीच बाबर मॅडम न्हवं? मी जैतून मुलाणी. याकूब मुलाण्याची बायकू."

मी तिला स्टाफरूममध्ये बसायला सांगितलं. ती बसली नाही.

"डेअरीवाल्यांनी त्यांनी ऱ्हायला दिल्याली खोली रिकामी करा म्हणून सांगितलंय," ती म्हणाली. "आधी म्हनले हुते, तुला पॅकिंगला लावून घेऊ. आता म्हनत्यात, न्हाई. मी म्हनलं का? तर म्हनले, मद्रासच्या साहेबांनी लिहिलंय, तुझ्या नवऱ्याच्या हातनंच झालं. त्याच्यापायी दोन बायांचं डोळं जाता जाता वाचलं."

मी हातातला उत्तरपत्रिकांचा गठ्ठा टेबलावर ठेवला.

"ते केराप्पाच्या इंग्रजी जबानीवरनं लिहिलंय म्हनं, मी तिची नक्कल मागून आणली. वकिलाच्या कारकुनानं वाचली. त्यो म्हनला, समदं हितं या एका शब्दावर हाय." तिनं सुरळी उलगडली. पेन्सिलीनं एका ठिकाणी रेघ मारलेली होती. "आनि ह्ये इंग्रजी तुमी केलंय म्हनं. मॅडम, 'रिझल्टेड इन' म्हंजे काय?"

मी वर्गात शंभर वेळा सांगितलेलं सांगितलं. "म्हणजे एकामुळे दुसरं झालं."

"कशामुळं काय?"

"चाक फिरवल्यामुळे गॅस सुटला."

तिनं कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "असं केराप्पा म्हनला?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि थांबले. क्लार्कच्या अक्षरातली ती ओळ मला दिसत होती. त्यात 'मुळे' नव्हतं. 'म्हणून'ही नव्हतं.

"मला एकदा केराप्पाला भेटायला हवं," मी म्हणाले.

"मग चला की," जैतून म्हणाली.

परीक्षेचा वर्ग दुसऱ्या एका सरांवर सोपवून मी तिच्याबरोबर निघाले. केराप्पा गावाबाहेर ओढ्याच्या पलीकडे राहायचा. दोन खणांचं घर, पुढे मेंढरांचं काटेरी वाडगं. तो रात्रपाळी करून आला होता आणि बाजेवर पडला होता. पाचएक वर्षांची एक मुलगी दारात खापराचे तुकडे मांडून खेळत होती. आम्हाला बघून तो गडबडीनं उठला आणि बायकोला घोंगडं टाकायला सांगितलं.

मी सरळ विचारलं. "केराप्पा, त्या दिवशी तुम्ही नेमके कुठे होता?"

"दारात. आत ऱ्हाऊन काय करायचं, याकूबभाईनं मला पानी आनाय धाडलं हुतं. मी बादली घिऊन दाराशी आलो."

"आणि काय दिसलं?"

"याकूबभाई आत पळत हुता. तोंडावर टावेल बांधलेला. गेला नि चाक फिरवाय लागला. मग मला वास आला. डोळं चुरचुराय लागलं. मी बादली टाकली आनि पळालो."

"तोंडावर टॉवेल?" मी म्हणाले. "आधीच बांधलेला होता?"

"तर! ओला टावेल. म्हंजे त्याला वास आधीच आला असनार न्हवं? त्यो आत, मी दारात. वासाला माझ्यापत्तुर यायला येळ लागला."

"हे तुम्ही क्लार्कला सांगितलंत?"

"त्यानं इचारलं, तू काय बघितलं ते सांग. मी बघितलं त्ये सांगितलं. चाक फिरवताना बघितला आनि मग वास आला." त्यानं आमच्या दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. "का? काय झालं?"

 मी पुढचा प्रश्न विचारला. हा प्रश्न फेब्रुवारीत त्या ऑफिसात मला कुणी विचारू दिला नव्हता असं नाही. तो मला सुचलाच नव्हता.

"चाक कुठल्या बाजूला फिरवत होता?"

केराप्पानं उजवा हात पुढे केला, हवेत चाक धरलं आणि जोर लावून उजवीकडे फिरवलं. एकदा, दोनदा, तीनदा. "असं. बंद करत हुता. पिळून पिळून बंद करत हुता. उघडायचं असतं तर डावीकडं फिरवलं असतं. दोघी बाया आत हुत्या, त्यांच्याकडं जानारा पाइप त्यानं बंद केला. म्हनून तर त्या जगल्या."

जैतून खाली बसली. घोंगडीवर नाही, तशीच जमिनीवर.

"मिरजेला त्ये असंच करत हुते," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. "बोलता येत न्हवतं. नळी घातलेली. पन हात असा करायचे. असा, असा. मला वाटलं, नळ म्हनत्यात, पानी मागत्यात. मी पानी दिलं की ढकलायचे. परत हात असा. नर्सबाईला म्हनलं, यांना काय पायजे? तिला बी कळंना. चार दिवस करत हुते." तिनं आपल्याच हाताकडे पाहिलं. "बंद झालं का म्हनून इचारत हुते व्हय ते?"

केराप्पाची बायको आतून पाणी घेऊन आली ती तांब्या हातात धरून तशीच उभी राहिली.  मुलगी खापराचे तुकडे मोजत होती तेवढाच आवाज होता.

परत येताना ओढ्यापाशी जैतून मला म्हणाली, "मॅडम, आता तुमी लिहून द्या. येवढंच मला पायजे. खोलीचं बघंन मी कुठं तरी. पन त्यांच्या हातनं झालं असं नगं ऱ्हायला कागदावर."

मी म्हणाले, "देते."

दुसऱ्या दिवशी मी शिरगुप्प्यांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"मला एक सांगा मॅडम," ते म्हणाले. "तुम्ही भाषांतर केलंत तेव्हा मी ते वाचलं होतं. मला वाटलं, केराप्पा तसंच म्हणाला असेल. मी इंजिनियर नाही, मी हिशेबातला माणूस. पण आता हे उकरायचं म्हणजे काय लिहायचं? कुणाची चूक लिहायची?"

"माझी."

"जूनमध्ये तुमच्या ऑर्डरवर अध्यक्षांची सही व्हायचीय." त्यांच्या आवाजात धमकी नव्हती. खरं तर काळजीच होती. "संस्थेच्या बाईनं चुकीचं भाषांतर केलं आणि विमा कंपनीला फसवलं, असं त्यांच्या कानावर जाणार. ते काय करतील ते मी सांगू शकत नाही. तुम्ही शहाण्या आहात. इंग्रजीत काय, नीट शब्दांत लिहिता येतं. गोष्ट दुरुस्त झाल्याशी मतलब."

मी खोलीवर जाऊन विमा कंपनीला पत्र लिहायला बसले. पहिलं पत्र 'आय' या शब्दानं सुरू होत होतं. ते मी लिहून पूर्ण केलं आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. वडील दोन वर्षांपूर्वी गेले होते. धाकटा भाऊ शिकत होता. आईला मी दर महिन्याला लिहायची, जूनमध्ये कायम होईन. मी तो कागद बाजूला ठेवला आणि दुसरं पत्र लिहिलं. ते चार वाक्यांचं होतं. वाचून पाहिलं, इंग्रजी निर्दोष होतं. दुसऱ्या दिवशी ते मी शिरगुप्प्यांच्या हातात दिलं. त्यांनी तिथेच वाचलं, मान हलवली आणि म्हणाले, "उत्तम. याच्यानं काम होईल."

काम झालं. पत्राबरोबर केराप्पाची नवी जबानी गेली, ती या खेपेला मी स्वतः विचारून, स्वतः लिहून घेतली होती. मद्रासहून दुरुस्त अहवाल यायला दीड महिना लागला. त्यात लिहिलं होतं की पाइपाची जोडणी झिजल्यामुळे गॅस सुटला, आणि ऑपरेटर याकूब मुलाणी यांनी प्रसंगावधान राखून झडप बंद केल्यामुळे दोन जीव वाचले. जैतूनला पॅकिंगमध्ये घेतलं. खोलीही राहिली. डेअरीच्या वर्धापनदिनी अध्यक्षांनी याकूबच्या फोटोला हार घातला, तेव्हा मी दुसऱ्या रांगेत बसले होते. जूनच्या अखेरीस माझी कायमची ऑर्डर आली.

केराप्पा डेअरीतून गेल्याचं मला दिवाळीच्या सुमाराला कळलं. कुणीतरी म्हणालं, रोजंदारीवरची काही माणसं कमी केली. कुणी म्हणालं, तो मेंढरं घेऊन कोकणात उतरला. मी चौकशी केली नाही. चौकशी करायची गरज नव्हती. का गेला असेल ते मला ठाऊक होतं.

त्यानंतर बावीस वर्षं गेली. मी विभागप्रमुख झाले. अध्यक्ष वारले, त्यांच्या मुलांत वाटण्या झाल्या आणि डेअरी बंद पडली. शिरगुप्पे निवृत्त होऊन जयसिंगपूरला गेले आणि तिथेच वारले. जैतून मुलाकडे पुण्याला असते असं ऐकलं. 'लीड टू' आणि 'रिझल्ट इन' मी दरवर्षी शिकवत राहिले, अभ्यासक्रमातच होतं.

दोन हजार दहाच्या जानेवारीत एका परीक्षेच्या कामासाठी म्हसवडला गेले होते. परतीची एसटी यायला वेळ होता. स्टँडच्या बाकावर बसले होते, तेव्हा शेजारी एक म्हातारा येऊन बसला. लाल मुंडासं, खांद्यावर घोंगडी, पायाशी पत्र्याची ट्रंक. त्यानं माझ्याकडे दोनदा पाहिलं.

"बाबर मॅडम न्हवं?"

मी त्याला ओळखलं ते आवाजावरून. "केराप्पा?"

"व्हय. मदने." तो हसला. दात बरेच गेले होते. "लेकीकडं निघालोय. नर्स हाय ती, अकलूजला सरकारी दवाखान्यात."

"ती खापरानं खेळणारी?"

"तीच. एकलीच हाय."

आम्ही पावसाचं बोललो, मेंढरांचं बोललो. मेंढरं त्यानं दोन वर्षांपूर्वी विकली होती.  एक गाडी लागली, गेली. मी म्हणाले, "केराप्पा, तुमची नोकरी माझ्या पत्रामुळे गेली."

"ठाव हाय मला," तो म्हणाला.

मी त्याच्याकडे पाहिलं.

"शिरगुप्पेसायबांनी बोलावून वाचून दाखवलं हुतं. इंग्रजीतनं मराठी करून. म्हनले, हे बघ, कॉलेजच्या मॅडमनी लिहिलंय. साक्षीदारानं आदी गोलमाल जबानी दिली, त्याच्यापायी भाषांतर चुकलं. म्हनले, खोटी साक्ष देनारा मानूस ठेवला तर इमावाले काय म्हनतील."

मी लिहिलं होतं ते असंच होतं. 'द विटनेसेस अनक्लिअर स्टेटमेंट लेड टू ॲन एरर इन ट्रान्सलेशन.' साक्षीदाराच्या संदिग्ध जबानीमुळे भाषांतरात चूक झाली. त्या वाक्यात मी कुठेच नव्हते. चूक होती, पण ती करणारं कुणी नव्हतं. कारण मात्र होतं, आणि ते केराप्पा होता. पत्र देताना मला ते कळत होतं. मी त्या शब्दावरच तर सगळ्यात जास्त वेळ घालवला होता.

"तुम्ही काही म्हणाला नाहीत?" मी विचारलं.

"काय म्हननार? मी म्हनलं, मी गोलमाल केली न्हाई, बघितलं त्ये सांगितलं. ते म्हनले, कागद आता मद्रासला गेला. परत बोलावला तर जैतूनबाईचं काम बी आडंल. मग मी गप झालो." त्यानं घोंगडी सावरली. "जैतूनबाईसाठी नोकरी गेली त्याचं मला काय वाटलं न्हाई. याकूबभाई मला लई जपायचा. मॅडम, तुमी येऊन मला इचारलं असतं ना, केराप्पा, असं असं हाय, मी अडचनीत हाय, तुझं नाव घालू का, तर मी घाला म्हनलो असतो. खरंच म्हनलो असतो." त्यानं ट्रंकेची कडी सरळ केली. "पन तुमी इचारलं न्हाई."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. 

"मी आता लिहून देते," मी म्हणाले.

"कुनाला? डेअरी ऱ्हायली न्हाई. सायेब ऱ्हायले न्हाईत."

 समोर पाण्याच्या टाकीपाशी एक बाई लेकराचे हात धूत होती. केराप्पा तिकडे बघत होता. जरा वेळानं तो म्हणाला, "मला द्या की."

"तुम्हाला?"

"लेकीला वाचता येतंय. ती शाळंत हुती तवा पोरं तिला चिडवायची, तुझ्या बापानं खोटी साक्ष दिली म्हनून डेअरीतनं हाकललं. तिनं मला एकदा इचारलंवतं, आप्पा, तुमी खोटं बोलला हुता का? मी न्हाई म्हनलं. तिनं परत कवा इचारलं न्हाई. पन मला वाटतंय, तिला पुरतं पटलं न्हाई."

मी पर्समधून डायरी काढली. एक कोरं पान फाडलं आणि मांडीवर धरून मराठीत लिहिलं. इंग्रजीत लिहायचा विचारही मनात आला नाही. 'केराप्पा मदने यांनी १९८८ साली डेअरीच्या अपघाताची जबानी खरी दिली होती. तिचं भाषांतर मी चुकीचं केलं. नंतर ती चूक मी त्यांच्या नावावर घातली. त्यांची नोकरी मी घालवली.'

मी त्याला ते वाचून दाखवलं. प्रत्येक वाक्याला तो मान हलवत होता. शेवटच्या वाक्याला त्यानं मान हलवली नाही, फक्त ऐकलं.

"कायी बदलायचं हाय का?" त्यानंच मला विचारलं.

"नाही."

अकलूजची गाडी फलाटाला लागली होती. कंडक्टर दारात उभा राहून गावांची नावं घेत होता. केराप्पा उठला, ट्रंक उचलली आणि मी कागद पुढे केला तरी तो घेईना.

"खाली सही करा," तो म्हणाला. "पुरं नाव लिवा. नायतर ती म्हनंल, कुनी लिहिलंय."

मी बाकावर कागद ठेवून सही केली, खाली पूर्ण नाव लिहिलं, हुद्दा लिहिला आणि तारीख टाकली. त्यानं कागदाची चार पदरी घडी केली, सदऱ्याच्या आतल्या खिशात घातली आणि वरून हातानं एकदा चाचपून पाहिली. मग तो गाडीत चढला.